पॅनेलमधलं डायल-अप मॉडेम कार्ड: आधी लाइन, मग कार्ड

पीएलसीच्या (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरच्या) रॅकमध्ये मॉडेम कार्ड बसवायला दहा मिनिटं लागतात. सेटिंग पूर्ण करायला अर्धा तास. तरीही हे काम दोन-दोन दिवस रखडतं, कारण कार्डाच्या मागची टेलिफोन लाइन कुणी तपासलेली नसते. म्हणून या पोस्टमध्ये लाइनवर जास्त लिहिलंय आणि स्क्रू कुठे पिळायचा यावर कमी.

सातपूर-अंबडच्या कारखान्यात इथरनेट आहे, मोबाइलची रेंज आहे, तिथे डायल-अपची गरज कमीच. पण नदीकाठचं पंपहाऊस, दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यातलं द्राक्षाचं कोल्ड स्टोरेज, सिन्नरकडची पाण्याची टाकी अशा ठिकाणी जुना रॅक चांगला चालतोय, कंट्रोल रूममधलं सॉफ्टवेअर फोन लावूनच माहिती घेतं, आणि सगळं बदलायला पैसे नाहीत. अशा जागेसाठी हे उपयोगी पडेल.

पॅनेल उघडण्याआधी लाइन

लाइन जिथे इमारतीत येते तिथे सगळी उपकरणं सोडवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून दोन वायरींमध्ये मोजा. एक्स्चेंजची बॅटरी ४८ व्होल्टची, त्यामुळे ४६ ते ५२ च्या आसपास आकडा यायला हवा. पस्तीस-चाळीस दिसला तर कुठेतरी गळती आहे किंवा विसरलेला समांतर फोन लटकतोय. आता साधा टेलिफोन लावून रिसीव्हर उचला. व्होल्टेज ६ ते १२ पर्यंत खाली यायला हवं. मग मीटर मालिकेत टाकून लूपमधला करंट मोजा: २० मिलिअँपिअरपेक्षा कमी असेल तर मॉडेम लाइन नीट पकडत नाही, मधेच सोडतो.

करंट किती यावा हे आधीच काढता येतं. ०.५ मिलिमीटर तांब्याच्या जोडीचा लूप रोध किलोमीटरला साधारण १७६ ओहम. एक्स्चेंज पाच किलोमीटरवर असेल तर ८८० ओहम. जुन्या पद्धतीच्या एक्स्चेंजचा फीड ४०० ओहम आणि टेलिफोनचे २५० धरले तर ४८ भागिले १५३०, म्हणजे ३१ मिलिअँपिअर. मीटरवर १८ दिसले की समजायचं, वाटेत एखादा जोड रोध खातोय. ०.४ मिलिमीटरची केबल असेल तर मात्र किलोमीटरला २७०-२८० ओहम धरा. त्याच अंतरावर करंट आपोआप कमी येईल आणि त्यात लाइनचा दोष नसेल.

यानंतर कानाची चाचणी. रिसीव्हर उचला, एकच आकडा दाबा. डायल टोन तुटतो आणि काही सेकंद शांतता मिळते. त्या शांततेत ऐका. एकसारखी गुणगुण येत असेल तर एका वायरला अर्थ (जमीन) लागलाय. अधूनमधून खरखर येत असेल तर जोड सैल आहे. पंप बंद असताना ऐका आणि पंप चालू करून पुन्हा ऐका. ही दुसरी पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि मग "सकाळी लागतो, दुपारी लागत नाही" अशी तक्रार येते.

लाइनमनला नुसतं "लाइन खराब आहे" सांगून भागत नाही, कारण तो बोलून बघतो, आवाज येतो, निघून जातो. "दादा, ऑन-हुकला, म्हणजे रिसीव्हर ठेवलेला असताना, ३८ व्होल्टच येतायत, लूप करंट १७ आहे, आणि आकडा दाबल्यावर गुणगुण येते" असं सांगा. त्यांच्या भाषेत डिस (वायर तुटलेली), लूप (दोन्ही वायरी एकमेकींना चिकटलेल्या), अर्थ (वायर जमिनीला लागलेली) आणि काँटॅक्ट (दुसऱ्या लाइनला चिकटलेली) असे दोषांचे प्रकार असतात. तुमच्या आकड्यांवरून त्याला लगेच कळतं की खांबावर चढायचं की पिलर (रस्त्याकडेची केबलची पेटी) उघडायचा.

खांबावरची डीपी पेटी (जिथून घरोघरी जोड्या फुटतात ती) एकदा तरी समोर उभं राहून उघडून घ्या. झाकण नीट बसत नसलं की आत काय होतं ते डोळ्यांनी बघण्यासारखं असतं: वायरीच्या टोकाला हिरवट, पिठासारखा थर, स्क्रूच्या खाली मुंग्यांनी आणलेली माती, आणि हाताने पिळून वर काळी टेप गुंडाळलेले जोड. मे महिन्यात असा जोड बिनतक्रार चालतो. जुलैत टेपखाली पाणी शिरतं, ४८ व्होल्ट डीसीमुळे तांबं झिजत जातं आणि जोड आधी खरखरतो, मग तुटतो. माणसाचं बोलणं त्या खरखरीतूनही समजतं, मॉडेमला मात्र नाही. टोकं छाटून, जेली भरलेल्या कनेक्टरने जोड करून घ्या. क्रोनचं मॉड्यूल (वायर दाबून बसवायची पट्टी) असेल तर क्रोन टूलनेच वायर दाबायची, स्क्रू-ड्रायव्हरने दाबली की पाकळी उघडी राहते.

त्याच लाइनवर ब्रॉडबँड असेल तर मॉडेम कार्डाच्या आधी फिल्टर हवाच. समांतर फोन काढून टाका. वॉचमनने रिसीव्हर उचलला की डेटा तिथेच संपतो.

सर्ज प्रोटेक्टर

मे-जूनमधलं वळवाचं वादळ आणि परतीचा पाऊस, या दोन वेळांना मॉडेम कार्डं जळतात. वीज थेट पडायची गरज नसते. दूर कुठे पडली तरी लांब केबलमध्ये दाब चढतो आणि तो कार्डातून पीएलसीच्या अर्थकडे वाट शोधतो.

तीन टोकांची गॅस डिस्चार्ज ट्यूब असलेला टेलिफोन लाइनचा प्रोटेक्टर घ्या. ट्यूब २३० व्होल्टची हवी. दुकानात ९० व्होल्टचीही मिळते आणि कमी म्हणजे जास्त सुरक्षित असं वाटून लोक ती उचलतात. हिशेब करा: रिंगचं व्होल्टेज ७५ ते ९० व्होल्ट एसी. ९० चं शिखर १२७, त्यात बॅटरीचे पन्नासेक मिळवले की १७५ च्या पुढे. म्हणजे ९० व्होल्टची ट्यूब प्रत्येक रिंगला पेटेल, एक्स्चेंजला वाटेल फोन उचलला, आणि तुम्ही कार्ड बदलत बसाल.

प्रोटेक्टरवर लाइनची बाजू आणि संरक्षित बाजू छापलेली असते, ती उलटी जोडू नका. अर्थची वायर ४ चौरस मिलिमीटर, अर्ध्या मीटरच्या आत, सरळ. जास्तीची वायर वेटोळं करून डक्टमध्ये कोंबली की प्रोटेक्टर असून नसल्यासारखा, कारण विजेच्या झटक्याला ते वेटोळंच मोठा अडथळा होतं. आणि ही अर्थ पॅनेलच्याच अर्थ बारवर न्यायची. टेलिफोनसाठी वेगळा खड्डा करून वेगळी अर्थ दिली तर विजेच्या वेळी दोन खड्ड्यांमधला सगळा फरक कार्डावर पडतो. "टेलिफोनची अर्थ वेगळी ठेवा" हा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो, या जागी तो मुळीच मानू नका.

कार्ड बसवणं

रॅकचा २४ व्होल्ट पुरवठा बंद करा आणि टेलिफोनची वायरही काढा. दुसरी गोष्ट महत्त्वाची, कारण हातात कार्ड असताना रिंग आली तर चांगलाच झटका बसतो. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा लावा. कार्डावर डिप स्विच असतील तर रॅकमध्ये सरकवण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवा, नंतर ते दिसत नाहीत. काही रॅकमध्ये कम्युनिकेशन कार्ड सीपीयूच्या शेजारच्या स्लॉटमध्येच चालतं, ते पुस्तिकेत बघा. निवड असेल तर रिले आउटपुट कार्डापासून लांबचा स्लॉट घ्या. बॅकप्लेनवरून (रॅकच्या मागच्या, सगळ्या कार्डांना जोडणाऱ्या पाटीवरून) सगळी कार्डं मिळून किती करंट घेतात त्याची बेरीज करून पुरवठ्याच्या क्षमतेशी ताडून बघा.

टेलिफोनची वायर पॅनेलमध्ये ४१५ व्होल्टच्या केबलपासून निदान ३०० मिलिमीटर दूर न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाच्या) आउटपुट केबलपासून तर आणखी जपा. मोठ्या मोटरच्या ड्राइव्हची स्विचिंग फ्रिक्वेन्सी बहुधा २ ते ४ किलोहर्ट्झवर ठेवलेली असते. टेलिफोन लाइनचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झ, आणि व्ही.२२ बिस (२४०० बिट प्रतिसेकंदाचं मानक) मॉडेमचे वाहक १२०० आणि २४०० हर्ट्झवर. म्हणजे ड्राइव्ह नेमका मॉडेमच्या कानातच ओरडतो. पिळाची, शील्ड असलेली जोडी वापरा आणि शील्ड पॅनेलच्या एकाच टोकाला अर्थ करा. आरजे-११ प्लगमध्ये मधल्या दोन पिनांवर लाइन येते. प्लगजवळ वायर बांधून टाका, नाहीतर दरवाजा उघडबंद होताना ती खेचली जाते.

रॅकऐवजी जुना औद्योगिक पीसी आणि आयएसए कार्ड असेल तर जंपरचा घोळ असतो. कॉम १ आणि कॉम ३ दोघंही आयआरक्यू (पीसीचं लक्ष वेधायची लाइन) ४ मागतात, कॉम २ आणि कॉम ४ आयआरक्यू ३. मॉडेम कॉम ३ वर ठेवला आणि कॉम १ वर पीएलसी असेल तर एक चालू होताच दुसरा गप्प होतो. मॉडेमला आयआरक्यू ५ द्या किंवा बायोसमधून न वापरलेलं पोर्ट बंद करा.

सेटिंग: वेगाचा मोह सोडा

कार्डावर व्ही.३४, ३३६०० असं छापलेलं असतं. पंपाची पातळी, दाब आणि वीसेक स्टेटस बिट आणायला एवढा वेग लागत नाही. व्ही.३४ हा हातमिळवणीतच दहा-पंधरा सेकंद घालवतो आणि खराब लाइनवर परत परत वेग बदलत बसतो. व्ही.२२ बिस, म्हणजे २४०० बिट प्रतिसेकंद, काही सेकंदांत जुळतो आणि खरखर बऱ्यापैकी सोसतो. दोन्ही टोकांना २४०० वर कायमचं बांधून टाकणं हेच आमचं ठाम मत आहे.

आता अकरा बिटांचा प्रश्न. मॉडबस, म्हणजे पीएलसी आणि कंट्रोल रूम ज्या भाषेत बोलतात ती, १९७९ मध्ये मॉडिकॉनने आणला. त्याच्या आरटीयू प्रकारात नेहमीचं अक्षर ८ बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप असं असतं, सुरुवातीचा बिट धरून ११ बिट. पॅरिटी नको असेल तर नियमाने दोन स्टॉप बिट, म्हणजे पुन्हा ११. बहुतेक साधे मॉडेम मात्र १० बिटांचं अक्षर धरून चालतात. परिणाम असा की कनेक्ट होतं, दिवे लुकलुकतात, आणि येणारी प्रत्येक फ्रेम (संदेशाचा एक तुकडा) सीआरसीमध्ये, म्हणजे चूक तपासायच्या हिशेबात, नापास होते. कार्डाला ११ बिटांची सोय नसेल तर पीएलसी आणि कंट्रोल रूम दोन्हीकडे ८-एन-१ (८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप) ठेवा. केबल, कार्ड, लाइन सगळं बदलून झालं आणि तरी डेटा येत नाही, तेव्हा बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

दुसरा अडथळा एरर करेक्शनचा. मॉडबस आरटीयूमध्ये फ्रेम संपली हे शांततेवरून कळतं: साडेतीन अक्षरांइतकी शांतता. ९६०० ला, ११ बिटांनी, ती जेमतेम ४ मिलिसेकंद. व्ही.४२ (एरर करेक्शनचं मानक) चालू असला की मॉडेम डेटाचे गठ्ठे करतो, खराब गठ्ठा पुन्हा मागवतो, आणि एकाच फ्रेमच्या मधोमध वीस-पन्नास मिलिसेकंदांची फट पडते. पीएलसीला वाटतं फ्रेम संपली. अर्धी फ्रेम तो फेकून देतो. म्हणून एरर करेक्शन बंद, कॉम्प्रेशन बंद, आणि थेट मोड: पोर्टचा वेग आणि लाइनचा वेग दोन्ही २४००, मधे बफर नाही, फट नाही. खरखरीमुळे एखादं अक्षर बिघडलं तर मॉडबसचा सीआरसी ते पकडतो आणि मास्टर पुन्हा विचारतो. ती जबाबदारी तिथेच शोभते.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरा. रॉकवेल-कोनेक्झंट घराण्याच्या चिपवर हा क्रम चालतो, दुसरी चिप असेल तर पुस्तिकेशी ताडा. टर्मिनल प्रोग्राम २४००, ८-एन-१ वर उघडा, कारण मॉडेम शेवटच्या एटी आज्ञेचा वेग लक्षात ठेवतो आणि तोच जतन होतो.

एटी&एफ
एटी+एमएस=व्ही२२बी,०
एटी\एन१
एटी&के०
एटी&सी१&डी०
एटीएक्स३
एटीएस०=२एस७=६०
एटी&डब्ल्यू०
एटी&वाय०

दुसऱ्या ओळीतलं शून्य म्हणजे वेगाची घासाघीस बंद. &के० म्हणजे फ्लो कंट्रोल नाही. &डी० म्हणजे डीटीआरकडे (पोर्ट तयार असल्याच्या सिग्नलकडे) दुर्लक्ष, आणि ते पीएलसीचं पोर्ट तीन वायरींचं असेल तरच द्यायचं. बॅकप्लेनवरचं कार्ड सीपीयूकडून डीटीआर घेत असेल तर &डी२ चांगलं, प्रोग्राममधून फोन ठेवता येतो. एस०=२ म्हणजे दुसऱ्या रिंगला उचल.

एक्स३ आपल्याकडे आवश्यक आहे. भारतातला डायल टोन ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने हेलकावे खाणारा. अमेरिकी सेटिंगचा मॉडेम ३५० आणि ४४० च्या सलग टोनची वाट बघतो आणि "नो डायलटोन" म्हणून थांबतो. एक्स३ दिला की तो टोन न शोधता थोडा थांबून डायल करतो, एंगेज टोन मात्र ओळखतो. देशाचा कोड बदलायची सोय असेल तर भारतासाठी ५३. कारखान्याच्या ईपीएबीएक्समागून (आतल्या टेलिफोन एक्स्चेंजमागून) बाहेर जायचं असेल तर शून्यानंतर स्वल्पविराम द्या. एका स्वल्पविरामाला दोन सेकंदांची उसंत मिळते. सिन्नरहून नाशिकला लावताना त्यापुढे ०२५३ आणि सात आकडी नंबर.

सगळं जमल्यावर, अगदी शेवटी, एटीई०क्यू१&डब्ल्यू० द्या. प्रतिध्वनी आणि उत्तरं दोन्ही बंद. नाहीतर मॉडेमने पाठवलेला "रिंग" शब्द पीएलसीच्या पोर्टात शिरतो. पीएलसी त्याला चुकीची फ्रेम समजून काही उत्तरला तर ते अक्षर हातमिळवणीच्या मधे येतं आणि कॉल तुटतो, कारण जोडणी चालू असताना पोर्टवरून आलेलं कुठलंही अक्षर म्हणजे "रद्द करा". पीएलसीच्या प्रोग्राममधून डायल करायचं असेल तर मात्र उत्तरं लागतात, तिथे क्यू० ठेवा आणि लॅडरमध्ये (पीएलसीच्या प्रोग्राममध्ये) ती वाचा. डेटात चुकून तीन अधिक चिन्हं आली तर मॉडेम आज्ञा मोडमध्ये जाऊ नये म्हणून एस२=२५५.

कंट्रोल रूममधल्या सॉफ्टवेअरचा टाइमआउटही बदलायला हवा. दहा रजिस्टरांचं (रजिस्टर म्हणजे पीएलसीतलं दोन बाइटचं एक मूल्य) उत्तर २५ बाइटचं, २४०० ला सुमारे १०४ मिलिसेकंद. १२५ रजिस्टर एकदम मागितले तर २५५ बाइट, एक सेकंदाच्या वर. सॉफ्टवेअर अनेकदा अर्ध्या सेकंदावर बांधलेलं येतं. ३ सेकंद द्या आणि एका वेळी तीस-चाळीस रजिस्टरांपेक्षा जास्त मागू नका.

अलार्म बाहेर पाठवताना

कोल्ड स्टोरेजचं तापमान चढलं की कार्डाने स्वतः फोन लावायचा असतो. एंगेज मिळाला तर तीन प्रयत्न, मधे दोन मिनिटं, हे सगळे लिहितात. विसरतं ते हे: वादळात वीज गेली की आठ-दहा साइट एकाच क्षणी एकाच नंबरला फोन लावतात, सगळ्यांना एंगेज मिळतो, दोन मिनिटांनी सगळे पुन्हा एकदम लावतात. प्रत्येक साइटला क्रमांक द्या आणि पहिला उशीर क्रमांक गुणिले ४० सेकंद ठेवा. पुढच्या प्रयत्नांतलं अंतरही साइटप्रमाणे थोडं वेगळं हवं.

लॅडरमध्ये वॉचडॉग घाला. २४ तासांत एकही कॉल आला-गेला नाही तर कार्डाला रीसेट द्या, तीन सेकंद थांबा, सेटिंगची ओळ पुन्हा पाठवा, "ओके" आलं नाही तर तीनदा प्रयत्न करा. आपोआप उचलणारी लाइन म्हणजे उघडं दार हेही ध्यानात ठेवा. नंबर कुणालाही लागू शकतो. सीपीयूची किल्ली रनवर ठेवून काढून घ्या, पासवर्ड लावा, आणि कार्डात कॉलबॅकची सोय असेल तर ती वापरा.

तांबं जाऊन फायबर आलं तर

तांब्याची लाइन काढून फायबरच्या पेटीतला फोन पोर्ट दिला जातो, तेव्हा मॉडेमला तो वरवर सारखाच दिसतो: डायल टोन आहे, रिंग आहे. आत मात्र आवाजाची पाकिटं होऊन जातात. कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) जी.७११ असेल, शांततेत पाकिटं न पाठवण्याची युक्ती बंद असेल आणि जिटर बफर (मागेपुढे येणारी पाकिटं सावरणारा साठा) स्थिर असेल तर २४०० चालतो. जी.७२९ असेल तर अजिबात चालणार नाही, कारण तो माणसाच्या आवाजासाठी बनवलाय. टी.३८ मागून उपयोग नाही, ते फॅक्ससाठी आहे. सेवा देणाऱ्याकडे कनेक्शन घेण्याआधीच हे विचारा.

आणि वीज. तांब्याची लाइन एक्स्चेंजच्या बॅटरीवर जिवंत राहते, गावात अंधार असला तरी. फायबरची पेटी तुमच्या पॅनेलच्या विजेवर चालते. ती बाहेरच्या प्लगला अडॅप्टरने लावली असेल तर वीज जाताच अलार्म पाठवणारी लाइनच मरते. बहुतेक पेट्या १२ व्होल्टच्या असतात. पॅनेलच्या २४ व्होल्ट डीसी यूपीएसवरून कन्व्हर्टरने पुरवठा द्या, बॅटरीची क्षमता पीएलसी, कार्ड आणि पेटी तिघांची मिळून काढा.

शेवटची चाचणी मेन स्विच पाडून करा. यूपीएसवर सगळं असताना बाहेरच्या लाइनवरून फोन लावा, दुसऱ्या रिंगला २१०० हर्ट्झची सलग शिट्टी ऐकू यायला हवी. मग यूपीएसही बंद करा, पाच मिनिटांनी सगळं चालू करा, काहीही टाइप न करता पुन्हा फोन लावा. शिट्टी आली तर सेटिंग खरोखर जतन झालंय. पंप चालू करून कंट्रोल रूममधून शंभर वेळा पोल करा (माहिती मागवा), नापास फ्रेम मोजा. मोजलेले सगळे आकडे, म्हणजे ऑन-हुक व्होल्टेज, लूप करंट, डीपी आणि जोडीचा क्रमांक, आज्ञांची ओळ आणि तारीख, कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा.